रिकामी खुर्ची

दिवाळीत घरी माणसे आली की खुर्च्या कमी पडतात. मग माळ्यावरून किंवा शेजारच्या घरातून एकात एक बसणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या जातात. वजनाला हलक्या, ओल्या फडक्याने पुसल्या की स्वच्छ, आणि बसणाऱ्याची जात, वय किंवा ऐपत न विचारता सर्वांना सारखेच बसवून घेणाऱ्या! या खुर्च्या बहुधा ज्या पदार्थाच्या केलेल्या असतात त्याचे नाव पॉलिप्रोपिलीन. नाव जिभेला जड, पण पदार्थ आपल्या चांगल्या ओळखीचा. साखरेचे आणि सिमेंटचे विणलेले पोते त्याचेच. डॉक्टरांच्या हातातील इंजेक्शनची नळी त्याचीच. २०२० साली साऱ्या जगाने नाकातोंडावर ज्या निळसर पट्ट्या बांधल्या, त्याही मुख्यतः याच पदार्थाच्या तंतूंच्या. समुद्रकिनाऱ्यावर त्याचा जो कचरा साठतो तो निराळा हिशेब आहे, आणि तो कधीतरी मांडावाच लागेल. आज मला दुसराच एक हिशेब मांडायचा आहे.

हा पदार्थ ज्याच्या नावाशी जोडला गेला, तो जूल्यो नात्ता हा इटलीतील औद्योगिक रसायनशास्त्राचा प्राध्यापक. विद्वान, कष्टाळू, विद्यार्थ्यांना घडविणारा. १९६३ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्याचे चरित्र वाचताना मी एका वाक्याशी अडखळलो आणि पुष्कळ दिवस तेथून पुढे सरकू शकलो नाही. ते वाक्य असे, की १९३८ साली मिलानच्या पॉलिटेक्निक संस्थेत नात्ता ज्या जागेवर आला, ती जागा मारिओ जाकोमो लेव्ही या प्राध्यापकाला सोडावी लागली होती. कारण लेव्ही ज्यू होता.

अन्यायाने रिकाम्या झालेल्या खुर्चीवर भल्या माणसाने बसावे काय? आणि तो बसला, व तेथे बसून त्याच्या हातून जगाच्या उपयोगाचे काम झाले, तर त्या दोन गोष्टींची वजाबाकी कशी करायची?

आधी माणसाची ओळख करून घेऊ. नात्ताचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ चा, इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील इम्पीरिया गावचा. वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १९२४ साली, तो मिलानच्या पॉलिटेक्निकमधून रासायनिक अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांच्या पोटातील रचना ओळखायची विद्या त्याने तरुणपणीच हस्तगत केली. जर्मनीतील फ्रायबुर्गला गेला असता त्याची हेर्मान श्टाउडिंगरशी गाठ पडली. मोठमोठे पदार्थ हे लांबच लांब साखळीसारख्या रेणूंचे बनलेले असतात, हा विचार त्या काळी आग्रहाने मांडणारा हा रसायनज्ञ. नात्ता १९३३ मध्ये पाव्हिया येथे प्राध्यापक झाला, १९३५ मध्ये रोमला गेला, १९३७ मध्ये तूरीनला आणि १९३८ मध्ये परत मिलानला. पस्तिसाव्या वर्षी आपल्याच जुन्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा! यापेक्षा विद्वानाने आणखी कशाची इच्छा करावी?

पण ती जागा रिकामी कशी झाली होती? सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने हुकूम काढून ज्यू शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना इटलीच्या शाळांतून व विद्यापीठांतून बाहेर काढले. शंभराच्या आसपास प्राध्यापक एका फटक्यात गेले. इंधनांच्या रसायनशास्त्राचा मोठा जाणकार असलेला लेव्ही हा त्यांतला एक. त्याने काही चोरले नव्हते, शिकविण्यात कसूर केली नव्हती. तो ज्या आईबापांच्या पोटी जन्मला, तेवढाच त्याचा अपराध.

येथे वाचक म्हणेल, की हुकूम सरकारचा; नात्ताने कोणाला हाकलले नाही. खरे आहे. त्याने सही केली नाही, कट केला नाही. एक जागा रिकामी होती, तिला लायक माणूस हवा होता, आणि लायकीत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. तो नसता तर दुसरा कोणी, कदाचित केवळ पक्षाचा झेंडा मिरविणारा एखादा सुमार माणूस तेथे येऊन बसला असता. मग विद्यार्थ्यांचे नुकसान, शास्त्राचे नुकसान, देशाचे नुकसान. हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा तो मनातल्या मनात केलेला असतो.

परंतु त्याच काळातल्या दोन माणसांची मला आठवण होते. ओटो क्रायर हा जर्मन औषधिशास्त्रज्ञ, स्वतः ज्यू नसलेला. १९३३ साली ड्युसेलडॉर्फ येथे फिलिप एलिंगर या ज्यू प्राध्यापकाला काढून टाकण्यात आले आणि ती जागा क्रायरला देऊ करण्यात आली. क्रायर तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. पुढची सारी कारकीर्द समोर होती. त्याने सरकारला लिहून कळविले, की ज्यू शास्त्रज्ञांना वगळणे हा मला अन्याय वाटतो, म्हणून मी ही जागा घेऊ शकत नाही. उत्तरादाखल सरकारने त्याला जर्मन विद्यापीठांचे दरवाजे बंद केले. तो लंडन, बैरूत असे करीत शेवटी अमेरिकेत हार्वर्डला पोहोचला. दुसरा माणूस खुद्द इटलीतला, मास्सिमो बोन्तेम्पेल्ली हा लेखक. हा तर एके काळी मुसोलिनीच्या पक्षातला. फ्लॉरेन्सच्या विद्यापीठातील आत्तिलिओ मोमिल्यानो या ज्यू प्राध्यापकाची खुर्ची १९३८ मध्ये त्याला देऊ केली गेली, आणि त्याने ती नाकारली.

याच्याही आधी, १९३१ साली, इटलीतील प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली होती. बाराशेच्या आसपास प्राध्यापक. त्यांत नकार देणारे डझनभर. त्या डझनात जॉर्जिओ एर्रेरा नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता आणि तो पाव्हियाचा होता. नात्ता पाव्हियाला पोहोचला तो त्यानंतर दोनच वर्षांनी. 'नाही' हा शब्द त्या काळच्या भाषेतून नाहीसा झालेला नव्हता, एवढेच यावरून दिसते. तो उच्चारता येत होता; फक्त महाग होता.

कोणी विचारील, क्रायरच्या नकाराने एलिंगरची जागा एलिंगरला परत मिळाली काय? नाही मिळाली. बोन्तेम्पेल्लीच्या नकाराने मोमिल्यानोची मिळाली काय? तीही नाही. मग त्या नकाराचा उपयोग काय झाला? मला वाटते, उपयोग एवढाच, की पुढे कोणालाही 'त्या वेळी सगळेच बसले, न बसणे शक्यच नव्हते' असे म्हणता येईनासे झाले. अन्यायाला हात लागतात तसे साक्षीदारही लागतात. आणि नकार देणारा माणूस अन्याय थांबवू शकला नाही तरी त्याची नोंद करून ठेवतो. हे काम लहान नव्हे.

आता तागडीच्या दुसऱ्या पारड्याकडे वळू. युद्ध संपले. इटली मोडून पडला होता. मिलानच्या प्रयोगशाळेत नात्ता काम करीत राहिला. १९५२ साली फ्रँकफुर्टला कार्ल त्सीग्लर या जर्मन रसायनज्ञाचे व्याख्यान त्याने ऐकले आणि त्यातील शक्यता त्याने तत्काळ ओळखली. त्याने मोन्तेकातिनी या इटालियन रसायन-कंपनीचे मन वळविले आणि तिच्यामार्फत त्सीग्लरशी करार झाला. १९५३ च्या अखेरीस त्सीग्लरने धातूंच्या संयुगांचा असा एक उत्प्रेरक शोधला, की ज्याच्या योगाने एथिलीन वायूचे रेणू, फारसा दाब न देता, एकमेकांचा हात धरून लांब साखळीत उभे राहू लागले. नात्ताच्या मनात आले, की तोच उत्प्रेरक प्रोपिलीनवर चालवून पाहावा. प्रोपिलीन हा तेलशुद्धीत निघणारा स्वस्त वायू.  ११ मार्च १९५४ रोजी त्याचा सहकारी पाओलो किनी याने प्रयोग केला, आणि पॉलिप्रोपिलीन झाल्याची नोंद नात्ताने आपल्या रोजनिशीत केली.

पात्रात जे मिळाले ते एकजिनसी नव्हते. काही भाग चिकट, रबरासारखा, काही घट्ट, पांढरा. निरनिराळ्या द्रावकांनी ते वेगळे केले. घट्ट भागावर क्ष-किरण टाकून पाओलो कोर्रादिनीने त्याची आतली ठेवण उकलली. ती समजायला दारावरचे तोरण डोळ्यांपुढे आणावे. दोरा म्हणजे कार्बनची साखळी आणि ठरावीक अंतरावर लोंबणारे आंब्याचे पान म्हणजे प्रोपिलीनची छोटी फांदी. पाने कशीही, कोणत्याही अंगाला लागली तर तोरण विस्कटते. पदार्थ मऊ आणि चिकट होतो. सारी पाने एकाच अंगाला लागली तर दोरा नीट पीळ घेतो, एका तोरणाशेजारी दुसरे चपखल बसते आणि पदार्थ कठीण होतो. इतका, की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, १६० अंशांच्या पुढे गेल्यावरच वितळतो. या शिस्तशीर मांडणीला 'आयसोटॅक्टिक' हे नाव सुचविले ते नात्ताच्या पत्नीने, रोझिता बेआतीने. ती साहित्याची विदुषी. ग्रीक भाषेत 'इसोस' म्हणजे सारखे आणि 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी. अशी काटेकोर मांडणी तोवर निसर्गच करीत आला होता, रबराच्या चिकात आणि कापसाच्या तंतूत. आता ती माणसाला साधली. (रेणू सारे एका बाजूला झुकले की पदार्थ बळकट होतो, माणसे सारी एका बाजूला झुकली की काय होते, हे इटलीने वीस वर्षे पाहिले होते. पण रेणूंचा न्याय माणसांना लावू नये.)

१९५७ मध्ये फेर्रारा येथे कारखाना सुरू झाला. 'मोप्लेन' या नावाने बादल्या, परडी, गाळण्या घरोघर गेल्या. पुढे त्याची इंजेक्शनची नळी झाली, शस्त्रक्रियेत जखम शिवायचा धागा झाला, अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत पोटात बसवायची जाळी झाली. किती जीव त्याने वाचले असतील, याची मोजदाद कोण करणार?

म्हणून प्रश्न अधिकच कठीण होतो. मिलानची ती खुर्ची, ती प्रयोगशाळा, ते विद्यार्थी हाताशी नसते तर हे नात्ताच्या हातून झाले असते काय? कदाचित नसते. मग, कोणी म्हणेल, झाले ते बरेच झाले. लेव्हीवर अन्याय झाला खरा, पण जगाचा फायदा झाला.

हे 'पण' मला मान्य नाही, आणि माझे कारण सरळ आहे. १९३८ साली खुर्ची स्वीकारताना नात्ताला १९५४ दिसत नव्हते. त्या दिवशी त्याच्यासमोर दोनच गोष्टी होत्या: रिकामी खुर्ची, आणि ती का रिकामी झाली याचे कारण. त्या दिवसाचा निवाडा त्या दिवसाच्या माहितीवरच व्हायला हवा. सोळा वर्षांनी आलेल्या पिकाने पेरणीच्या वेळचे कुंपण सरकविणे धुऊन निघत नाही. तसे ते धुऊन निघते म्हटले, तर ज्यांचे पीक बुडाले तेवढेच दोषी आणि ज्यांचे तरारले ते सारे निर्दोष असे म्हणावे लागेल. मग नीती ही पाऊसपाण्याची गोष्ट होईल. आणि दुसऱ्या पारड्यात काय काय टाकायचे तेही आपल्याला ठाऊक नाही. हाकललेल्या शंभर माणसांनी आपापल्या प्रयोगशाळेत राहून काय शोधले असते, त्याचे माप कोठे आहे? झालेले काम मोजता येते; होऊ न दिलेले काम मोजता येत नाही. त्या तागडीचा एक दोर मुळातच तुटलेला आहे.

तितक्याच ठामपणे उलट बाजूही सांगितली पाहिजे. खुर्ची कशी मिळाली यावरून शोध विटाळत नाही. ज्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या दंडात ती नळी औषध सोडते, त्या मुलाला १९३८ शी कर्तव्य नाही. रेणूला वंश नसतो, कलंकही नसतो. कामाचे मोल कामाला द्यावे, कृत्याचा दोष कृत्याला द्यावा. एकाने दुसरे फेडण्याचा खटाटोप करू नये. आपण मराठी माणसे जमाखर्चाला पक्की. पण सगळ्याच रकमा एका खातेवहीत चढवायच्या नसतात.

मग बसणाऱ्याने काय करावे? येथे मला आमच्या गावच्या शाळेतील एक बाई आठवतात. मी तेव्हा आठवीत होतो. चालकांचे मुख्याध्यापकांशी बिनसले आणि काहीतरी खुसपट काढून त्यांना घरी बसविले. जागा बाईंना देऊ केली. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, घेऊ नये. बाईंनी ती घेतली. परीक्षा तोंडावर होती, मुले वाऱ्यावर सोडणे त्यांना पटेना. कचेरीच्या भिंतीवर आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा एक फळा होता, आणि काढलेल्या गुरुजींचे नाव चालकांनी त्यावरून पुसून घेतले होते. बाईंनी स्वतःच्या पैशाने रंगारी बोलावला आणि ते नाव सालांसकट पुन्हा लिहवून घेतले. त्याखाली स्वतःचे नाव मात्र लिहू दिले नाही. चालकांनी त्यांना कधी कायम केले नाही. निवृत्त होईपर्यंत त्या 'प्रभारी' राहिल्या. ती खुर्ची त्यांनी घ्यायला नको होती, असे मला आजही कधी कधी वाटते. परंतु घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आपल्याकडे याचा सर्वांत जुना धडा भरताचा आहे. भरताजवळ बसण्याची सगळी कारणे तयार होती. बापाचा शब्द होता, आईची इच्छा होती, मंत्र्यांचा आग्रह होता, गादी रिकामी होती आणि राज्याला राजा हवा होता. 'मी नाही तर कोण?' हे म्हणण्याचा त्याच्याइतका अधिकार कोणाला? त्याने राज्य चालविले. चौदा वर्षे कारभार अडू दिला नाही. पण सिंहासनावर पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहिला. काम चालले पाहिजे, एवढ्यावरून मी बसलेच पाहिजे असे ठरत नाही, ही गोष्ट भरताने दाखवून दिली. आपण त्याला बंधुप्रेमाचा आदर्श म्हणून थांबतो. माझ्या मते तो त्याहून कठीण अशा एका आचाराचा आदर्श आहे.

नात्ता भरत नव्हता, क्रायरही नव्हता. तो आपल्यासारखाच होता. फक्त बुद्धीने फार मोठा. श्रेयाच्या बाबतीतही हाच पेच त्याच्यापुढे पुन्हा उभा राहिला. उत्प्रेरक त्सीग्लरचा, पण जून १९५४ मध्ये पॉलिप्रोपिलीनच्या पेटंटचा अर्ज मिलानहून गेला, तो त्सीग्लरला आधी न कळविता. त्सीग्लरने आपल्या प्रयोगशाळेत तोच पदार्थ करून अर्ज केला तेव्हा कळले, की जागा आधीच भरली आहे. दोघांची मने दुरावली. पेटंटचे दावे अनेक वर्षे चालले. नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून आले. तोवर नात्ताला कंपवाताने ग्रासले होते; स्टॉकहोमच्या त्या समारंभात त्याला मुलाचा आणि सहकाऱ्यांचा आधार घ्यावा लागला. १९६८ मध्ये रोझिता गेली. २ मे १९७९ रोजी बेर्गामो येथे तोही गेला. त्या थरथरत्या हातांकडे पाहून निवाडा सुनावण्याचा उत्साह माझ्यात उरत नाही. त्याच्या जागी मी असतो तर पस्तिसाव्या वर्षी काय केले असते, हे छातीठोकपणे सांगणारा वाचक मला भेटला तर मी त्याला आदराने नमस्कार करीन, आणि त्याच्यावर लगेच विश्वास ठेवणार नाही.

परंतु निवाडा सुनावणे निराळे आणि विसरणे निराळे. उद्या पाडवा. वामनाने तीन पावलांत बळीची गादी घेतली. ज्याने घेतली तो साक्षात देव. तरीसुद्धा आपल्या बायाबापड्या ओवाळताना राज्य मागतात ते बळीचे. हुसकलेल्याचे नाव घेण्याची ही रीत कोणा पंडिताने शिकविलेली नाही. ती लोकांनी आपण होऊन जपली. जिंकणाऱ्याची पूजा करावी आणि हरलेल्याचे नाव घ्यावे, एवढा मोठेपणा आपल्या सणात आहे.

तो मोठेपणा आपण सणापुरता ठेवू नये. आपल्यापैकी प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या खुर्चीवर बसलेला असतो. कधी ती रीतसर रिकामी झालेली असते, कधी नसते. बढती झाली, घर मिळाले, जमीन वाट्याला आली, म्हणून पेढे वाटताना एकदा विचारावे, की येथे आधी कोण होते आणि ते कसे गेले? उत्तर स्वच्छ असेल तर पेढा अधिक गोड लागेल. नसेल, तर निदान ते नाव फळ्यावर लिहावे आणि मुलाबाळांना वाचून दाखवावे.

मिलानच्या त्या प्राध्यापकाचे नाव मारिओ जाकोमो लेव्ही होते.